स्वखुशीने

तिने पँटचा उजवा खिसा बाहेर ओढला आणि फाटलेल्या अस्तराच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं. नवऱ्याच्या पँटचे खिसे वर्षातून दोनदा बदलावे लागत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खिशात टेस्टर असतो, स्क्रू असतात, वायरचे तुकडे असतात. कितीही जाड अस्तर लावलं तरी सहा महिन्यांत त्याची चाळण होते. आज जुनं अस्तर सुटून हातात आलं, तेव्हा त्याच्याबरोबर कागदाची एक घडीही आली. भोकातून निसटून ती खाली कापडाच्या दुमडीत जाऊन बसली होती.

घडी उलगडून तिने खिडकीच्या उजेडात धरली. चार इंग्रजी शब्द, एकाखाली एक. अक्षर नवऱ्याचंच. तक्रारीच्या कार्डावर तो लिहायचा तशी सुटी, मोठी, ठोकळ्यांसारखी अक्षरं. इंग्रजी अक्षरं तिलाही लावता येत. कपड्यांवरची लेबलं आणि रिळांवरचे नंबर वाचण्यापुरतं तेवढं पुरे होतं. पण हे शब्द तिच्या उपयोगाचे नव्हते. पहिला तर मालगाडीसारखा संपतच नव्हता.

कागदावर नाव नाही, पत्ता नाही, मायना नाही. तिने मापाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चारही शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. मग नवं अस्तर लावलं, घडी होती तशी करून नव्या खिशात सरकवली आणि पँट इस्त्रीच्या ढिगात ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

“खिसा छान झाला.”

“जाड कापड लावलंय.”

“हं.”

‘काही सापडलं का गं त्यात?’ एवढं त्याने विचारलं असतं, तर ती हसून सांगून मोकळी झाली असती. त्याने विचारलं नाही. म्हणून तिनेही सांगितलं नाही.

इंग्रजी शिकायचं तर शिकू दे की, असं तिने स्वतःला दोन-तीनदा समजावलं. सहा-सात महिन्यांपूर्वीपर्यंत तो मेकॅनिक होता. आता इन्स्पेक्टर झाला होता. हत्याराच्या पिशवीऐवजी त्याच्याकडे चामडी बॅग आली होती, कंपनीने दिलेल्या कोटाच्या बाह्या तिनेच आखूड करून दिल्या होत्या. इन्स्पेक्टरला लागत असेल इंग्रजी. पण मग त्यात लपवण्यासारखं काय होतं? कुठल्या इमारतीचं दार करकरतं आणि कुठल्या लिफ्टमध्ये कोण पान खाऊन थुंकतं हेसुद्धा घरी येऊन सांगणारा हा माणूस. त्याच्या पोटात एक गोष्ट राहत नसे. आता मात्र अख्खी डिक्शनरी राहत होती, आणि बाहेर येत होती ती फक्त सकाळी, न्हाणीघराचा नळ सोडल्यावर. नळाच्या धारेआड तो काहीतरी पुटपुटायचा. आधी तिला वाटलं होतं, स्तोत्र म्हणतोय. देवाचं नाव घेताना माणूस मध्येच अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचा जुना कोट कमरेत सैल करायला आला होता. तो पोचवायला जाताना तिने मापाची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधावी तशी मुठीत घट्ट धरली होती.

“व्हॉलंटरिली,” बाईंनी चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाजवळ धरला. “म्हणजे स्वखुशीने. आपणहून. हा दुसरा, रिलिंक्विश. म्हणजे हक्क सोडणं, ताबा सोडणं. डिसरिगार्ड, न जुमानणं. आणि हा सोल. सोल म्हणजे बुटाचा तळवा, सोल म्हणजे एक मासा, आणि सोल म्हणजे एकमेव. तुझा कुठला?”

“माहीत नाही.”

“आणलेस कुठून हे?”

“एका गिऱ्हाइकाच्या खिशात होते.”

“गिऱ्हाइकांचे खिसे वाचतेस होय? बरं झालं सांगितलंस. पुढच्या वेळी रिकामे करून देईन.” बाई हसल्या, मग कोट अंगात घालून बटण लावून बघत म्हणाल्या, “पण शब्द असे सुटे आणू नयेत गं. वाक्य आण. नुसत्या बटणावरून कोट कुणाचा ते कळतं का?”

तिला कळलं होतं. जिना उतरता उतरताच कळलं. स्वखुशीने. हक्क सोडणे. न जुमानता. एकमेव. आयुष्यभर तिने कापडाचे कापलेले तुकडे जोडून दुसऱ्यांचे कपडे शिवले होते. हे चार तुकडे जोडायला तिला खालच्या मजल्यापर्यंतसुद्धा जावं लागलं नाही. असे शब्द वकिलाच्या कागदावर असतात. आणि पन्नाशीच्या माणसाला वकिलाचा कागद कशासाठी लागतो, हे सांगायला कुणी शिक्षक लागत नाही.

शनिवारी सकाळी तो अंघोळीला गेल्यावर तिने चामडी बॅग उघडली. आतल्या कप्प्यात रेक्झिनच्या कव्हरची छोटी वही होती. प्रत्येक पानावर इंग्रजी शब्द आणि समोर मराठीत अर्थ. पण अर्थ अर्ध्या ठिकाणी रिकामेच होते. नळ चालू होता तोवर तिने तीन शब्द उतरवले आणि वही परत ठेवताना आधी तिचा कणा वर होता की खाली हे आठवेना, म्हणून ती दोनदा उलटी-सुलटी करून ठेवली.

मग तो नेमच झाला. आठवड्यातून तीनदा, नळाच्या आवाजात तीन शब्द. रोज रोज बाईंकडे जायची लाज वाटायला लागली, तेव्हा बाईंनीच आपली एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी तिच्या हवाली केली. तिची पहिली बरीच पानं गळालेली होती. “ए आणि बी नाहीत यात,” बाई म्हणाल्या, “तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, सी पासून पुढचं जप.” ती मशीनच्या ड्रॉवरमध्ये, चेनच्या डब्याखाली डिक्शनरी ठेवू लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बोटाने ओळी चाळत एकेक शब्द शोधायची. सापडला की तिला आनंद व्हायचा, आणि अर्थ वाचला की तो आनंद जायचा. लायबिलिटी. डिपेंडंट. रेक्लेस. इम्प्रूडंट, म्हणजे अविचारी. दीड महिन्यात तिला साठ-सत्तर शब्द येऊ लागले. एकदा एक जाडजूड गृहस्थ पँट आणखी घट्ट करून मागायला लागले, तेव्हा तिच्या तोंडात ‘इम्प्रूडंट’ आलंच होतं. तिने ते गिळलं आणि टाचण्या तोंडात धरल्या.

एकदा घाईत तिने एक शब्द नीट उतरवला नाही. नळ अचानक बंद झाला होता. डिक्शनरीत तो तिला मिळेना, म्हणून ती बाईंकडे गेली.

“स्पेलिंग चुकलंय तुझं. डिसीज्ड असणार हे. डिसीज म्हणजे रोग, माहीत आहे ना? तर हे रोगी. रोगट.”

त्या दिवशी तिने भलत्याच माणसाच्या पँटची नळी चार बोटं आखूड केली. रोगी कोण? तो? की ती, जी कुणी असेल ती? रात्री जेवताना ती त्याच्या नखांचा रंग बघत बसली.

रविवारी मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, “आई, बाबांचं काय चाललंय गं? परवा ऑफिसातून फोन केला होता. विचारतात, इम्प्रूडंट आणि इम्प्युडंट यात फरक काय. मी म्हटलं, बाबा, कुठे मुलाखत आहे का तुमची? तर फोनच ठेवून दिला.”

“काय फरक आहे?”

“अं? एक अविचारी आणि एक उद्धट. पण तू कशाला विचारतेस?”

“सहज.”

“तुम्ही दोघं मिळून काहीतरी करताय,” मुलगी हसत म्हणाली. “करा, करा.”

ती रिसीव्हर ठेवून तिथेच उभी राहिली. दोघं मिळून. आतल्या खोलीत नवरा वर्तमानपत्र वाचत होता, किंवा तसं दाखवत होता. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

शनिवारी त्याचं ऑफिस दोनला सुटायचं आणि घरी यायला त्याला पाच वाजायचे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘एका ठिकाणी जाऊन आलो.’ त्या शनिवारी तिने दीड वाजताच घराच्या पुढच्या खोलीतल्या शिलाईच्या दुकानाच्या काचेला ‘आत्ता येते’ची पाटी अडकवली आणि त्याच्या ऑफिससमोरच्या बसथांब्यावर, बसची वाट बघणाऱ्या चार बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली. तीन बसगाड्या गेल्या. तो बाहेर पडला तो सरळ, इकडेतिकडे न बघता, चौकातल्या सार्वजनिक वाचनालयात शिरला.

काचेतून तिला तो दिसत होता. उशीएवढी डिक्शनरी समोर घेऊन बसला होता आणि ओळीवर बोट ठेवून ओठ हलवत होता, पहिलीतल्या पोराने धडा लावावा तसा. त्याच्या डोक्यावरचं विरळ झालेलं वर्तुळ तिला इतक्या लांबून पहिल्यांदाच दिसलं. तिला मागे फिरावंसं वाटलं. बाईच्या नादी लागलेला माणूस काही डिक्शनरी घेऊन बसत नाही.

पण तासाभराने तो उठला, आणि घराच्या उलट दिशेला चालायला लागला.

वाटेत त्याने हार्डवेअरच्या दुकानातून नळाचा वॉशर घेतला. त्यांच्या घरचा एकही नळ गळत नव्हता. दोन गल्ल्या ओलांडून तो एका चार मजली इमारतीत शिरला. ती समोरच्या चांभाराच्या टपरीआड थांबली. थांबायला कारण हवं म्हणून तिने धडधाकट चपलेला दोन टाके घालून घेतले. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तो आला. हातात स्क्रू ड्रायव्हर होता. कपडे वाळत घालायच्या दोरीचा हूक तो भिंतीत घट्ट करत होता, आणि एक बाई दोरीचं दुसरं टोक धरून उभी होती.

तिने त्या बाईला ओळखलं. ती बुटक्याची बायको होती.

बुटक्या चांगला सहा फूट उंच होता. म्हणूनच सगळे त्याला बुटक्या म्हणत. पंधरा वर्षं तो तिच्या नवऱ्याचा जोडीदार होता. लिफ्टच्या कामाला माणसं जोडीनेच जातात, एक वर मशीनच्या खोलीत आणि एक खाली. दहा महिन्यांपूर्वी एका ऑफिसच्या इमारतीत बुटक्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेला असताना लिफ्ट खाली आली. त्या दिवशी नवरा घरी आला तेव्हा त्याच्या शर्टाला ग्रीस होतं आणि तिने तो शर्ट धुतला नाही, जाळला. बुटक्याच्या बायकोला ती तेव्हा दोनदा भेटून आली होती. तिसऱ्यांदा गेली नाही. दुःखाच्या घरी किती वेळा जायचं हे कुणी सांगत नाही, आणि माणूस हळूच सुटका करून घेतो.

वर गॅलरीत हूक बसला. बाईने दोरी ओढून बघितली आणि मान हलवली.

डिपेंडंट, तिच्या मनात आलं. अवलंबून असलेली. एकेक शब्द आपापल्या जागी जाऊन बसायला लागला. चांभाराने चप्पल पुढे केली तरी ती वरच बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आरामखुर्चीत बसला होता आणि ती मशीनवर पडद्याची पट्टी घालत होती. पट्टी संपली. तिने दोरा तोडला, सुई वर घेतली, आणि त्याच्याकडे न बघता विचारलं:

“रिलिंक्विश म्हणजे काय हो?”

खुर्ची करकरली नाही.

“हक्क सोडणं,” तो म्हणाला.

“मला माहीत आहे. व्हॉलंटरिली म्हणजे?”

“अगं...”

“स्वखुशीने. डिपेंडंट, अवलंबून असलेला. लायबिलिटी, जबाबदारी. सगळे सांगू? तुमच्या वहीतला एक शब्द सोडलेला नाही मी.” आवाज चढू नये म्हणून ती पडद्याची घडी घालत होती, घडी वाकडी होत होती. “काल हूक बसवलात तो निघणार नाही ना पुन्हा? नाहीतर पुढच्या शनिवारी परत जावं लागेल.”

तो उठला. तिला वाटलं, बाहेर जाणार. पण त्याने बॅग आणली, तळाचा पुठ्ठा उचकटला आणि त्याखालून दोन टाईप केलेले कागद काढले. घड्यांवर ते इतके मऊ झाले होते की फडक्यासारखे लोंबत होते.

“बस,” तो म्हणाला.

“मी बसलेलीच आहे.”

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचायला लागला. न्हाणीघरात नळाआड पुटपुटायचा त्याच आवाजात, पण न अडखळता. कागद पाठ झाला होता त्याला. द डिसीज्ड, डिसरिगार्डिंग माय रिपीटेड वॉर्निंग्ज, व्हॉलंटरिली एंटर्ड...

“मी वारंवार सांगूनही न जुमानता स्वखुशीने,” ती मध्येच म्हणाली. मग थबकली. “कोण? रोगी?”

“रोगी?”

“डिसीज्ड.”

“नाही गं. ते वेगळं. दोन अक्षरांचा फरक आहे.” त्याने कागद तिच्यापुढे धरला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. नखात काळं होतं. इन्स्पेक्टर झाल्यावरही ते गेलं नव्हतं. “मयत.”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तिच्या आवाजात खोलीतलं सगळं थोडा वेळ थरथरलं.

मग तिला त्याने काही समजावून सांगावं लागलं नाही. ती स्वतःच ओळ ओळ वाचत गेली, शब्दाला शब्द लावत, आणि तिला एकही शब्द अडला नाही. मयत व्यक्ती माझ्या सूचना न जुमानता, खड्ड्यातला लिफ्ट थांबवायचा स्विच न दाबता, स्वखुशीने आत उतरली. सदर अविचारी कृत्यास ती एकटीच जबाबदार आहे. खाली नवऱ्याची सही होती. दुसऱ्या कागदावर कंपनीने बुटक्याच्या बायकोला लिहिलं होतं की वरील जबाब पाहता तिने सर्व हक्क सोडत असल्याची सही करून द्यावी.

दुसरी बाई नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं, इतकं की हसूच आलं तोंडावर. ते हसू त्याने बघितलं. त्या हसण्याची लाज वाटायला तिला जरा वेळ लागला.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“मी सही केली. साहेब म्हणाले, विम्याचं नेहमीचं आहे. चार माणसं उभी होती. हाताला ग्रीस होतं अजून, तर पेन पुसायला त्यांनी मला रुमाल दिला.” तो खुर्चीच्या कडेवर टेकला. “दोन महिन्यांनी वहिनींनी हे कागद माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, भाऊजी, खाली तुमची सही आहे, तेव्हा तुम्हीच सांगा काय लिहिलंय. मी म्हटलं, वाचून सांगतो.”

“मग कुणाकडून वाचून का नाही घेतलंत? मुलगी होती. वर बाई होत्या.”

“दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.”

“तो स्विच...”

“तो तर चालतच नव्हता. तीनदा कार्ड भरून दिलं होतं मी ऑफिसला.”

“आणि तुम्ही त्यांना सांगितलं होतंत? उतरू नका म्हणून?”

त्याने कागदाची घडी घातली. उघडली. पुन्हा घातली.

“मीच त्याला म्हटलं, उतर. पाच मिनिटांचं काम आहे, म्हटलं.”

इन्स्पेक्टरचा कोट दाराच्या खुंटीला होता. त्याच्या बाह्या तिने किती आनंदाने आखूड केल्या होत्या. मुलीची दोन वर्षं अजून राहिली होती. हे सगळं तिच्या मनात एका दमात येऊन गेलं, आणि त्याच दमात, तो कागद पुन्हा पुठ्ठ्याखाली ठेवता येईल हेही येऊन गेलं. कुणाला कळणार होतं?

“नोकरी जाईल?”

“जाईल. कदाचित आणखीही काही होईल.”

“वाचून कधी संपलं होतं हे?”

“दिवाळीत–” तो थांबला, मग हिशोब लावत म्हणाला, “तीन महिने झाले.”

“मग वहीत अजून शब्द का लिहिताय?”

उत्तर तिच्याकडे होतं, स्वतःच्या डिक्शनरीत तिने ते दुपारमागून दुपार शोधलं होतं. जोवर शब्द शिकणं चालू होतं, तोवर वाचणं संपलं नव्हतं. तिनेही सवतीचं नाव शोधायच्या नावाखाली दोन महिने काढले होते, आणि एकदाही सरळ विचारलं नव्हतं.

तिने डोक्यावरून हात फिरवला, चपला पायात सरकवल्या.

“चला.”

“आत्ता?”

“रविवार आहे. घरीच असतील त्या.”

बुटक्याच्या बायकोने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला साबणाचा फेस होता. पाळणाघरात ती आया म्हणून काम करायला लागली होती. गॅलरीतल्या दोरीवर लहान मुलांच्या पांढऱ्या चादरी ओळीने वाळत होत्या. आधी तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे, मग त्याच्या हातातल्या कागदांकडे. हात पुसायला ती वळली नाही.

“वहिनी,” तो म्हणाला, “ते वाचून झालं.”

“हो का.”

“त्यात असं लिहिलंय...”

“काय लिहिलंय ते मला माहीत आहे,” बुटक्याची बायको म्हणाली. “तुम्हाला दिलं त्याच्या आदल्या दिवशीच मी ते वाचून घेतलं होतं. आमच्या पाळणाघराच्या मॅडमनी सगळं मराठीत सांगितलं. दोनदा.”

त्याने हातातले कागद खाली घेतले.

“मग मला कशाला...”

“बघायचं होतं, तुम्ही कधी सांगता ते.” तिचा आवाज वर गेला नाही, खालीही आला नाही. “पहिल्या शनिवारी वाटलं, आज सांगतील. तुम्ही बल्ब बदललात. मग नळ केलात. मग खिडकीची काच. घरात आता नादुरुस्त काही उरलेलं नाही.”

खालून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. कुणीतरी डाव मोडला होता आणि त्यावरून भांडण जुंपलं होतं.

“सही केलीत का तुम्ही? हक्क सोडल्याची?” त्याच्या बायकोने विचारलं.

“नाही. अजून नाही.” बुटक्याच्या बायकोने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला कधी कळलं?”

“आज. तासाभरापूर्वी.”

“मग तुम्ही आत या. बसा, वहिनी.”

ती आत गेली आणि दाखवलेल्या खुर्चीत बसली. खोलीत टेबल एक आणि खुर्च्या दोन होत्या. दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीच्या चादरींचा गठ्ठा होता. तो कुणी उचलला नाही. बुटक्याच्या बायकोने हात पुसले, कपाटावरून एक वही काढली, मधलं कोरं पान काळजीपूर्वक फाडलं आणि पेनसकट टेबलावर ठेवलं.

“मराठीत लिहा,” ती म्हणाली. “त्या दिवशी काय झालं ते. सगळं.”

“लिहितो. उद्या सकाळी मी स्वतः ऑफिसात नेऊन...”

“नको. मी नेईन. तुम्ही आठ महिने घेऊन फिरलात.”

तो टेबलाशी आला. बसायला जागा नव्हती म्हणून तसाच वाकून, एक हात टेबलावर टेकून लिहू लागला. पाठीत बाक आलेला, मान खाली. त्याच्या घामाचा एक थेंब कागदाच्या कडेवर पडला तो त्याने मनगटाने पुसला. बुटक्याची बायको गॅलरीत जाऊन चादरी काढायला लागली. एकेक चिमटा काढून ती दातांत धरत होती.

पेन भराभर चाललं. इमारतीचं नाव, तारीख, वार, स्विच, तीन कार्डं. पान अर्धं भरलं. मग पेन थांबलं.

कुठे थांबलं हे त्याच्या बायकोला खुर्चीतून दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. तासाभरापूर्वी ऐकलेलं ते वाक्य तिला ठाऊक होतं. त्यात चारच शब्द होते आणि त्यांतला एकही कुठल्या डिक्शनरीत शोधावा लागणार नव्हता. तो तिच्याकडे बघत नव्हता, कागदाकडेही बघत नव्हता. टेबलावर टेकलेला हात त्याने कमरेवर नेला. वाकून वाकून त्याची कंबर धरली असणार. तशी ती धरायचीच, खड्ड्यांत उतरून उतरून कामातून गेली होती.

गठ्ठा बाजूला सरकवून त्याला बस म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण घर तिचं नव्हतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत राहिली.